हात उचलत नाही, आणि घरचे म्हणतात वाट पाहू

पत्र:

'माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. सात आठवड्यांपूर्वी संध्याकाळी मित्राची मोटरसायकल घेऊन तो जवळच्याच कामाला बाहेर पडला. समोरून येणारी कार अचानक त्याच्या वाटेत वळली. त्याने ब्रेक मारला, गाडी घसरली आणि तो उजव्या खांद्यावर आपटला. हेल्मेट डोक्यावर होतं, पण पट्टा लावलेला नव्हता. ते लांब जाऊन पडलेलं सापडलं. अपघाताआधीची काही मिनिटं आणि नंतरचे दोनेक तास त्याला आठवतच नाहीत. डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल आला. कॉलर बोन मोडलं होतं, ते जुळत आलंय. पण उजवा हात खांद्यातून उचलत नाही, कोपर वाकत नाही. बोटं मात्र हलतात. रात्री हाताची आग होते. शिवाय तो फार चिडचिडा झालाय, सांगितलेलं विसरतो. घरातले म्हणतात, नस दबलीय, वर्षभरात येईल हळूहळू. तो म्हणतो, पुढच्या महिन्यापासून गाडी चालवणार. वेग पन्नासच्याही आत होता, मग एवढं कसं झालं? अशा अपघातात मेंदूला आणि नसांना मार बसण्याचा धोका नेमका कशाने वाढतो? मीही रोज स्कूटर चालवते. – एक मोठी बहीण'

ताई,

तुम्ही विचारलेल्या सगळ्याकडे येते. पण आधी घरातल्यांचं ते एक वाक्य: 'वर्षभरात येईल हळूहळू.' ते प्रेमानेच म्हणत असतील, पण त्या वाक्यावर विसंबून थांबलात तर हात कायमचा अधू राहू शकतो. म्हणून या उत्तराचा पहिला भाग वाचून झाला की आधी डॉक्टरांची वेळ घ्या, उरलेलं मग वाचा.

मानेच्या मणक्यांमधून दोन्ही बाजूंना नसांची मुळं निघतात. (बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. इथे मज्जातंतू.) त्यातली पाच मुळं, सी-५ पासून सी-८ पर्यंत आणि त्याखालचं टी-१, मानेच्या बुडाशी एकमेकांत गुंफतात, कॉलर बोनच्या मागून काखेत उतरतात आणि तिथून हाताच्या टोकापर्यंत जातात. या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. मोटरसायकलवरून उडालेला माणूस खांद्यावर आणि डोक्यावर एकदम आपटला की खांदा खाली दाबला जातो, डोकं उलट बाजूला झुकतं आणि मान आणि खांदा यांच्यातला कोन एका झटक्यात फाकतो. मधल्या नसा दोरीसारख्या ताणल्या जातात. सगळ्यात जास्त ओढ बसते ती वरच्या मुळांवर, म्हणजे सी-५ आणि सी-६ वर. खांदा उचलणं आणि कोपर वाकवणं हे त्यांचं काम. बोटांची हालचाल खालच्या मुळांकडे असते. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी करतही नाही, पण 'खांदा उचलत नाही, कोपर वाकत नाही, बोटं हलतात' हे वाचलं तेव्हा मला या वरच्या मुळांचीच शंका आली.

ताणल्या गेलेल्या नसेचं काय झालंय ते बाहेरून कळत नाही. नुसता धक्का बसला असेल तर काही आठवड्यांत ती आपोआप जागी होते. आवरण शाबूत राहून आतले तंतू तुटले असतील तर ते तंतू पुन्हा वाढत जातात. नस सबंध तुटली असेल तर आपोआप जुळत नाही. आणि काही वेळा मूळच मज्जारज्जूतून उपटलं जातं, रोप मातीतून उपटावं तसं. तसं मूळ परत जागेवर शिवून चालत नाही. घरातले ज्याला 'नस दबलीय' म्हणतात ते यातलं काहीही असू शकतं, आणि वाट पाहणं फक्त पहिल्या दोनांसाठी ठीक आहे.

आता हिशेब मांडा. तुटलेला तंतू वाढतो तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला ३ सेंटिमीटर. मानेपासून बायसेप्सपर्यंत, म्हणजे दंडातल्या कोपर वाकवणाऱ्या स्नायूपर्यंत, अंतर धरा २५ ते ३० सेंटिमीटर. सगळं सुरळीत झालं तरी नऊ-दहा महिने लागणार. आणि नसेवाचून स्नायू किती काळ तग धरतो? साधारण वर्ष ते दीड वर्ष. मग तो आकसतो, त्याच्या जागी चरबी आणि निबर तंतू येतात, आणि त्यानंतर नस तिथे पोचली तरी तिला हलवायला काही उरत नाही. नस पुढे सरकत असते तेव्हाच स्नायू विरत असतो. म्हणून शस्त्रक्रिया लागणारच असेल तर ती शक्यतो तीन ते सहा महिन्यांच्या आत व्हावी असं या विषयातले सर्जन सांगतात. वर्ष उलटल्यावर नसेवरच्या शस्त्रक्रियेतून फारसं हाती लागत नाही.

पुनर्वसन विभागात मी बरीच वर्षं काम केलं. असे तरुण दारातून आत येतानाच ओळखू येतात. चांगल्या हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलेलं असतं, नाहीतर अंगठा पँटच्या खिशात अडकवलेला असतो, चालताना हात झुलू नये म्हणून. शर्ट काढला की खांद्याचा गोलावा गेलेला असतो आणि हाडाचा कोपरा त्वचेखालून वर आलेला दिसतो. एक मुलगा चौदाव्या महिन्यात आला होता. त्याने रोज न चुकता मालीश करून घेतली होती, देवावर आणि वेळेवर भरवसा ठेवला होता, आणि आता 'काय करायचं ते करा' म्हणून समोर बसला होता. सहाव्या महिन्यात आला असता तर त्याला जे देता आलं असतं ते आता देता येणार नव्हतं. हे त्याला सांगताना मला झालेलं दुःख अजून गेलेलं नाही, म्हणून तुमच्या पत्राला इतक्या तातडीने उत्तर लिहिते आहे.

तुमचा भाऊ सात आठवड्यांवर आहे. उशीर झालेला नाही. ब्रेकियल प्लेक्ससची कामं नेहमी करणारा सर्जन शोधा. तो प्लास्टिक सर्जन असेल, हाडांचा असेल किंवा न्यूरोसर्जन असेल, पदवीपेक्षा त्याचा या कामातला सराव महत्त्वाचा. नसांची आणि स्नायूंची विद्युत तपासणी, म्हणजे एनसीव्ही आणि ईएमजी, अपघातानंतर तीन-चार आठवडे गेल्यावरच नीट बोलते, कारण तुटलेल्या तंतूचं पुढचं टोक मरायला तेवढा वेळ लागतो. ती वेळ आता आली आहे. मुळं उपटली आहेत का हे पाहायला मानेचा एमआरआय लागेल. आणि आज घरीच एक गोष्ट पाहा: उजव्या डोळ्याची पापणी डावीपेक्षा किंचित उतरलेली आहे का, बाहुली लहान दिसते का? तसं असेल तर सगळ्यात खालचं मूळ उपटलं गेल्याची ती खूण असू शकते. बोटं हलतात म्हणजे बहुधा तसं नसेल, पण असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

तुम्हाला धीर देणारी गोष्टही आहे, आणि ती खरी आहे. वरच्या मुळांची इजा ही या प्रकारातली सगळ्यात जास्त आशा असलेली इजा. १९९४ साली फ्रान्समधले सर्जन ओबरलँ यांनी एक युक्ती मांडली: बोटांकडे जाणाऱ्या चालू नसेतला एक बारीक जुडगा दंडातच वळवून बायसेप्सच्या नसेला जोडायचा. मग तंतूला मानेपासून प्रवास करावा लागत नाही, काही सेंटिमीटरच जायचं असतं. बोटांचं काम सहसा बिघडत नाही, आणि काही महिन्यांत कोपर वाकायला लागतं. अशी शस्त्रक्रिया आज अनेक ठिकाणी होते. भावाची बोटं हलतात ती याच कामी येऊ शकतात.

तोवर खांदा, कोपर आणि मनगट दिवसातून तीन-चार वेळा दुसऱ्या हाताने किंवा तुम्ही पूर्ण फिरवत राहा, फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेऊन. नस आली आणि सांधा आखडलेला असला तर काय उपयोग? हात झोळीत असू द्या, नाहीतर त्याच्या वजनाने खांद्याचा सांधा खाली ओघळतो. दंडाच्या बाहेरच्या बाजूला संवेदना नसेल, तिथे कढत पाणी किंवा शेक लागला तरी त्याला कळणार नाही. आधी तुम्ही हात लावून पाहा. आणि रात्रीची ती आग खोटी नाही, नखरा नाही. नसेच्या दुखण्याला साध्या वेदनाशामक गोळ्या पुरत नाहीत, वेगळी औषधं असतात. ती मागून घ्या. जो माणूस रात्र रात्र झोपत नाही तो दिवसा चिडणारच.

पण चिडचिडीचं कारण तेवढंच नसावं, आणि इथे मेंदूची गोष्ट सुरू होते.

सीटी स्कॅन नॉर्मल म्हणजे मेंदूत रक्तस्राव नाही, कवटी फुटलेली नाही, तातडीने उघडण्यासारखं काही नाही. अपघाताच्या रात्री डॉक्टरांना हेच जाणून घ्यायचं असतं आणि ते उत्तर चांगलं आलं. मात्र मेंदूला काहीच झालं नाही असा त्याचा अर्थ लावू नका. मेंदू घट्ट दह्यासारखा मऊ, कवटीच्या आत पाण्यात तरंगता. डोकं नुसतं आदळलं तर एक प्रकार. पण आदळताना गरकन फिरलं तर मेंदूचे आतले आणि बाहेरचे थर वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि त्यांना जोडणारे लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. हे सीटीत बहुतेक वेळा दिसत नाही. शिवाय कपाळामागचा आणि कानशिलामागचा मेंदू कवटीच्या तळाच्या खडबडीत हाडांवर घासला जातो. राग आवरणं, ठरवलेलं लक्षात ठेवणं, एका कामावर टिकून राहणं ही सगळी त्याच भागांची कामं. म्हणून 'चिडका झालाय, विसरतो' याला स्वभाव म्हणू नका. तो इजेचाच भाग असू शकतो.

न आठवणारे दोन तास हेही महत्त्वाचं माप आहे. स्मृतीतली ही पोकळी जितकी लांब, तितका मार जास्त, हे डॉक्टर फार पूर्वीपासून वापरतात. दोन तासांची पोकळी सौम्य गटात मोडते. डिस्चार्ज कार्डावर जीसीएस (रुग्ण किती शुद्धीवर आहे याचं माप) असं लिहून एक आकडा असेल, ३ ते १५ मधला. १३ किंवा त्याहून जास्त असेल तर तीही सौम्य इजाच. सौम्य इजेतून बहुतेक लोक तीन महिन्यांच्या आत सावरतात. सात आठवड्यांनीही त्रास आहे तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, स्मृती आणि लक्ष यांची चाचणी करून घ्या, पण घाबरू नका. घाबरायचं ते याला: डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत जाणं, वारंवार उलट्या, अवेळी सुस्ती, फिट येणं, एका बाजूचा पाय ओढत चालणं. मेंदूवर सावकाश साचणारं रक्त कधी कधी काही आठवड्यांनी लक्षात येतं. असं काही दिसलं तर त्याच दिवशी पुन्हा स्कॅन. आणि त्याला वास येतो का ते विचारा. डोळे मिटायला लावून नाकाखाली साबण धरा. नाकातून मेंदूकडे जाणारे बारीक धागे अशा धक्क्यात तुटतात, रुग्णाला पत्ताही लागत नाही, आणि घरात काही जळत असलं किंवा गॅस सुटला तरी कळत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. वेग पन्नासच्या आत, मग एवढं कसं?

१९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. तुमचं पत्र वाचताना मला त्याचीच आठवण येत होती. त्या अपघातांत टक्कर व्हायच्या आधीचा मधला वेग होता ताशी ४८ किलोमीटर, आणि प्रत्यक्ष आदळतानाचा ३५ च्या आसपास. तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी झालेले, आणि त्यातल्या दोन तृतीयांशांत त्या दुसऱ्या चालकाने मोटरसायकलची वाट अडवलेली. प्रवास छोटे, कामाधामाचे, आणि अपघात निघाल्यापासून थोड्याच वेळात, घराजवळ. टाळण्यासाठी हातात वेळ दोन सेकंदांपेक्षाही कमी. अन् त्या दोन सेकंदांत बहुतेकांनी काय केलं? मागचा ब्रेक कचकन दाबून चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. गाडीचा थांबवण्याचा बराचसा जोर पुढच्या चाकात असतो. भावाने कोणता ब्रेक किती दाबला हे त्याला आता आठवणार नाही, पण मित्राच्या, सवयीच्या नसलेल्या गाडीवर हात-पाय अंदाजाने चालतात. ताशी ५० ला सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जातात. अंदाज चुकायला तेवढे पुरतात.

आणि पन्नास हा वेग डोक्यासाठी मुळीच कमी नाही. गाडी उभी असताना नुसते आडवे पडलात तरी सीटवर बसलेल्या माणसाचं डोकं दीडेक मीटर उंचीवरून खाली येतं आणि जमिनीला लागतं ते ताशी जवळजवळ २० किलोमीटर वेगाने. गाडीचा वेग त्यावर. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. चाळीसचे साठ झाले तर ती सव्वादोन पट होते. नसांचंही तेच. मान आणि खांदा किती जोरात फाकतील हे शरीर किती वेगाने फेकलं गेलं यावर ठरतं. धोका वाढवणाऱ्या साऱ्या गोष्टींत मी वेगाला पहिला मान देते, कारण तो मेंदू आणि नसा दोघांनाही सारखाच लागू पडतो, आणि नसांसाठी तर दुसरी ढालच नाही. जाकिटातल्या पॅडने खांद्याची कातडी वाचते, कदाचित हाडही, पण मानेतला ताण त्याने थांबत नाही. स्वित्झर्लंडमधले सर्जन नाराकास यांनी १९८५ साली हजाराहून जास्त रुग्णांच्या अनुभवावरून मांडलं होतं की ब्रेकियल प्लेक्ससच्या इजांपैकी ढोबळ मानाने ७० टक्के रस्त्यावरच्या अपघातांतून येतात आणि त्यातल्या ७० टक्के दुचाकीवरच्या माणसांच्या असतात.

मेंदूला मात्र ढाल आहे. १९३५ च्या मे महिन्यात, पहिल्या महायुद्धातल्या अरबस्तानातल्या कामगिरीमुळे नावाजलेले टी. ई. लॉरेन्स दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून फेकले गेले. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस ते बेशुद्ध राहिले आणि गेले, वय ४६. त्यांना पाहायला बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे न्यूरोसर्जन होते. त्या मृत्यूनंतर केर्न्स मोटरसायकलवरच्या सैनिकांच्या डोक्याच्या इजा पाहत राहिले आणि १९४१ साली त्यांनी हेल्मेटचा उपयोग दाखवणारा लेख प्रसिद्ध केला. सैन्याने ऐकलं. ब्रिटनमधल्या सर्वसामान्य चालकांसाठी सक्ती यायला १९७३ उजाडावं लागलं. आज ६१ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष आपल्यासमोर आहे: हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

पण हे आकडे डोक्यावर टिकून राहणाऱ्या हेल्मेटचे. कुठलंही जुनं हेल्मेट मधोमध कापून पाहिलंत तर वरच्या कडक कवचाखाली दोन बोटं जाडीचा थर्माकोलसारखा पांढरा थर दिसतो. खरं काम तो करतो. डोकं आदळताना तो चिरडतो आणि मेंदूला थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. अपघातातलं हेल्मेट कापलं तर एका जागी तो थर चपटा, दाणे एकमेकांत दाबलेले दिसतात. बाहेर कवचावर मात्र नुसता ओरखडा. चिरडलेला थर परत फुगत नाही. म्हणून एकदा आदळलेलं हेल्मेट कितीही चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं. अपघातात डोकं सहसा एकदाच आदळत नाही: आधी गाडीवर, मग रस्त्यावर, मग घरंगळताना. पट्टा नसेल तर पहिल्याच धक्क्याला हेल्मेट उडतं आणि पुढचे सगळे धक्के उघड्या डोक्यावर. भावाच्या बाबतीत कदाचित असंच झालं. त्याला हे दोष देण्याच्या सुरात सांगू नका. त्याला ते बहुधा कळलेलं आहे.

तुमच्या स्वतःच्या हेल्मेटचं आज पाहून घ्या. घालून पट्टा लावा, हनुवटीखाली जेमतेम दोन बोटं जावीत. मग मागून कडेला धरून ते पुढे ढकला. डोक्यावरून निघून आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. हनुवटी झाकणारं असावं, कारण चेहरा आणि जबड्यावर आदळणं नेहमीचं, आणि तो धक्का सरळ कवटीच्या तळाला जातो. आपल्या देशाच्या मानक संस्थेचं चिन्ह असावं. हेल्मेटच्या वजनाने मान मोडते असं काही जण सांगतील. मोठ्या अभ्यासांत त्याला आधार मिळालेला नाही.

कारवाल्याने तुम्हाला पाहिलंच नाही, हा धोका तुमच्या हातात थोडा तरी आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड भागातला २००४ सालचा एक अभ्यास आहे. चकाकणारे किंवा झगझगीत कपडे घालणाऱ्यांत इजेचा धोका ३७ टक्क्यांनी कमी, काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांत २४ टक्क्यांनी, दिवसाही दिवा चालू ठेवणाऱ्यांत २७ टक्क्यांनी. यात फारसा खर्च नाही, कष्ट नाहीत. एवढं तरी करा.

दारूबद्दल थोडक्यात, कारण ते सगळ्यांना माहीत आहे: हर्ट यांच्या अभ्यासात जीव गेलेल्या अपघातांपैकी जवळजवळ निम्म्यांत दारू होती. डॉक्टरांना आणखी एक काळजी असते, की प्यायलेल्या माणसाची सुस्ती दारूची की मेंदूतल्या रक्ताची हे ओळखायला उशीर होतो. थकवा, झोप, रात्र हेही त्याच माळेतले. वय जास्त असलं किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तर छोट्या धक्क्यानेही मेंदूवर रक्त साचू शकतं. घरातली मोठी माणसं तुमच्या मागे बसत असतील तर त्यांनाही तुमच्याइतकंच चांगलं हेल्मेट हवं. हातापायांच्या बाकीच्या नसाही विसरू नका: गाडीखाली गुडघा चिरडला तर त्याच्या बाहेरच्या कडेने जाणारी नस जाते आणि पाऊल लोंबतं, दंडाचं हाड मोडलं तर मनगट.

रस्त्यावर पडल्यानंतरही धोका वाढू शकतो, आणि तो आजूबाजूच्यांच्या हातात असतो. मेंदूला पहिला मार अपघात देतो, दुसरा मार प्राणवायू आणि रक्तदाब कमी पडल्याने बसतो. डोक्याच्या गंभीर इजेत वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी मृत्यूचं प्रमाण दुप्पट झालेलं आढळलं आहे. म्हणून वाहतं रक्त दाबून धरा, श्वास चालू आहे ना ते पाहा, रुग्णवाहिका बोलवा. मान वाकवू नका, उचलून बसवू नका, तोंडात पाणी घालू नका. हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडतच असेल तर दोघांनी मिळून, एकाने मान धरून, दुसऱ्याने सावकाश.

राहिली भावाची पुढच्या महिन्यात गाडी चालवण्याची गोष्ट. उजव्या हातात अॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक. ज्या हाताला खांदा उचलत नाही, कोपर वाकत नाही, त्या हाताने दोन सेकंदांत हँडल सावरणार कसं? मेंदू अजून विसरतोय, म्हणजे समोरचं हेरून निर्णय घेण्याचा वेगही कमी असणार. आणि आधीचा मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर सावरणं फार अवघड जातं. 'कधीच नाही' असं म्हणू नका, तो ऐकणार नाही आणि ते खरंही नाही. म्हणा, 'कोपर स्वतःच्या जोरावर वाकलं आणि न्यूरॉलॉजिस्टनी चाचणी करून होकार दिला की आपण बोलू.' त्या दिवसापर्यंत मित्राला त्याची किल्ली घरी ठेवायला सांगा, आणि ते भावाच्या देखत सांगा, पाठीमागे नको.

सर्जनकडे जाताना अपघाताच्या रात्रीचे कागद, सीटीची प्रत आणि कोणती हालचाल कुठल्या आठवड्यात होती-नव्हती याची नोंद न्या. दर रविवारी भावाचा एक छोटा व्हिडिओ काढा: खांदा, कोपर, मनगट, बोटं, याच क्रमाने. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तीन: मुळं उपटली आहेत का, बायसेप्समध्ये काही चाहूल दिसते का, आणि दिसत नसेल तर तुम्ही कोणत्या तारखेपर्यंत थांबणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तारखेतच घ्या. ईएमजीचा अहवाल आला की बायसेप्ससमोर काय लिहिलंय ते मला कळवा.